नॅपकिनमागे एक आमेन

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की सकाळपासून हाती येईल ते प्रत्येक काम देवाने दिलंय असं समजून, प्रार्थना करून करा. एकही दिवस वाया घालवू नका. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, घरी गेलो, जेवलो आणि झोपलो. आमच्या लॉन्ड्रीचं दुर्दैव असं, की माझी नणंद झोपली नाही.

सोमवारपासून तिने प्रत्येक कपड्यासाठी प्रार्थना सुरू केली. कपडा टेबलावर पसरायचा, पाणी मारायचं, इस्त्री उभी करून ठेवायची, डोळे मिटायचे आणि तो घालणाऱ्यासाठी देवाकडे मागायचं. काय मागायचं ते कपडाच सांगतो, असं तिचं म्हणणं. फरशी बसवणाऱ्याची पँट आली, की त्याच्या गुडघ्यांना आराम पडू दे. बँकेतल्या कारकुनाच्या शर्टावर खांद्यापाशी दुधाचे डाग दिसले, तेव्हा तिने महिनाभर त्याच्या बाळासाठी प्रार्थना केली आणि एक दिवस त्याला बाळाचं वजन विचारलं. कारकून बिनलग्नाचा निघाला. दूध मांजरीचं होतं.

"मांजरीला तरी फायदा झाला असेल," असं म्हणून नणंदेने पुढचा शर्ट घेतला.

मीही देवाला मानते. पण मी त्याच्याशी सकाळी एकदाच बोलते, चहा उकळेपर्यंत, आणि तेवढ्यात आमचं सगळं बोलून होतं. दिवसभर त्याच्या मागे लागायचं म्हणजे त्याला दुसरी कामं नाहीत असं समजण्यासारखं आहे.

घोडं अडलं ते हॉटेलपाशी. समोरच्या हॉटेलचे सगळे कपडे आमच्याकडे यायचे, आणि या आमेनांपायी ते उशिरा जायला लागले होते. पुन्हा उशीर झाला तर काम मशीनवाल्या लॉन्ड्रीला देईन, असं मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं. हॉटेल गेलं तर दुकानात एकाच बाईपुरतं काम उरणार होतं, आणि ती बाई मीच असणार होते, कारण दुकान माझं. नणंदेला घरी बसवायचं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर ती वर्षभर खुर्चीत बसून भिंत बघायची; दुपार कलली तरी केस विंचरलेले नसायचे. मीच तिला ओढून दुकानात आणलं होतं. आता मीच तिला परत पाठवणार, हा विचार मला सोसायचा नाही. आणि सोसेनासं झालं की माझं तोंड सुटतं.

त्या दिवशी हॉटेलात लग्नाची मेजवानी होती. जेवणाच्या टेबलांवरचे कापडी नॅपकिन, गठ्ठेच्या गठ्ठे, चारच्या आत पोचवायचे होते.

"आज एकदाच काय ते माग," मी नणंदेला सांगितलं. "सगळ्या गठ्ठ्यांवर हात ठेव, आमेन म्हण आणि लाग कामाला."

"असं घाऊक कसं मागायचं, वहिनी? जेवायला एकेक माणूस येणार. गठ्ठा थोडाच येणार आहे?"

"अगं, नॅपकिन आहे तो. त्याने कोण तोंड पुसणार, हे तुला तरी माहीत आहे का?"

"मला नाही. ज्याला सांगते त्याला आहे."

शेवटी तिने स्वतःच तडजोड काढली. प्रार्थना करायची, पण इस्त्री थांबवायची नाही. डोळे मात्र तिने सवयीने मिटले. करपट वास आला तेव्हा मी कपाळाला हात लावला. नॅपकिनच्या मधोमध इस्त्रीचा अख्खा ठसा उमटला होता.

मग मी सुटलेच. "हॉटेल गेलं तर तुला घरी बसावं लागेल, कळतंय का? मीच बसवणार आहे तुला. दुसरा इलाज नाही माझ्याकडे."

तिने इस्त्री बाजूला ठेवली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

"घरी वर्षभर बसले मी, वहिनी. सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळायचं नाही. आता उठते तेव्हा इतकी माणसं माझी वाट बघत असतात." तिने गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. "त्यांना ते माहीत नाही, एवढंच. तू म्हणशील तर उरकते भराभर. पण नुसती इस्त्री करायला उठणं मला जमायचं नाही."

मला भरून आलं. मला भरून आलेलं कुणी बघितलेलं खपत नाही, म्हणून मी तिच्या हाताजवळची इस्त्री ओढून घेतली. "इस्त्री मी करते. तू घडी घाल आणि माग. एका घडीला एक आमेन, आणि पाल्हाळ लावायचं नाही."

तिने सुरुवात केली. "हा दारापाशी बसलेल्या आजोबांचा. दुसऱ्यांदा गोड वाढायला आले, की नको म्हणायची बुद्धी दे. आमेन. हा नवरदेवाच्या आत्याचा. ती कशावरून तरी रुसली असणार."

"कशावरून तरी नाही," मी म्हणाले. "फोटोत मागच्या रांगेत उभी केली म्हणून."

"बरोबर. तिला कुणीतरी पुढे बोलवू दे. आमेन."

त्या आत्याने पुढचे दोन नॅपकिनही खाल्ले, कारण एवढ्यावर ती निवळेल असं मला वाटेना. मग भाषण लांबवणारे मामा आले, वरातीत नाचून पाय मुरगळलेला मित्र आला, लेकीकडे बघायचं टाळणारी नवरीची आई आली. माझा हात असा चालत होता, की मनगट दुखतंय हेही कळलं नाही.

"आणि वाढप्यांचं काय?" मी विचारलं.

"त्यांना नॅपकिन नसतो."

"मग एक जास्तीचा घे."

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. मॅनेजरसाहेब उभे होते, आणि बराच वेळ उभे असावेत. चार कधीच वाजून गेले होते आणि एक गठ्ठा उरला होता.

ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. "उद्यापासून कपडे मशीनवाल्याकडे जातील," ते म्हणाले.

मी गयावया करायला तोंड उघडलं, तर नणंद त्यांच्या शर्टाकडे बघत मध्येच बोलली, "बाई अजून आल्या नाहीत ना?"

"कोण बाई?"

"तुमच्या. पूर्वी तुमची बटणं पांढऱ्या दोऱ्याने लावलेली असायची, बारीक टाक्यांची. हल्ली काळा दोरा आणि मागे ही एवढी गाठ. म्हणजे तुम्हीच लावता. बाई रागावून गेल्या असणार. त्यांचा राग जाऊ दे, त्यांना घरी येऊ दे, म्हणून तुमच्या प्रत्येक शर्टाला मागते मी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. साहेबांचा हात नकळत बटणाकडे गेला.

"ती घरीच आहे," ते म्हणाले. "अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला तिचा. बोलताही येत नाही नीट. काळा दोरा नको, म्हणून खुणेने मला रागावते. पण पांढरा ओवताना मला दिसत नाही."

नणंद कधी नव्हे ती ओशाळली. "म्हणजे इतके दिवस मी भलतंच मागत होते."

"मग आता नीट मागा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बायकोचं नाव सांगितलं. सावकाश, दोनदा, चूक व्हायला नको अशा बेताने.

मी इस्त्री उभी करून ठेवली. "आणि उद्याचे कपडे, साहेब?"

"इकडेच पाठवतो. उशीर चालायचा नाही." त्यांनी बाही सरसावली, स्टूल पुढे ओढलं, उरलेल्या गठ्ठ्यातला वरचा नॅपकिन घडीसाठी हातात घेतला आणि नणंदेकडे बघून विचारलं, "हा कुणाचा?"