चाळीस फुटी आभार

प्राजक्ता पहिल्यांदा आमदार झाली आणि तिचा पक्ष विरोधी बाकांवर जाऊन बसला, तेव्हा तिचे सासरे आबाजी चार दिवस गप्पच होते. तळवड्यातलं जुनं शेतकरी घर. शेतं गेली, तिथे कारखान्यांचे गाळे उभे राहिले, पण आबाजींची सकाळ अजून ओट्यावरच उजाडायची. पाचव्या दिवशी त्यांनी सुनेला समोर बसवलं.

"सरकार आपलं न्हाई. मग तू तिथं जाऊन करणार काय?"

"प्रश्न विचारणार."

"आन् त्यांनी नीट उत्तर न्हाई दिलं तर?"

"परत विचारणार."

आबाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "म्हंजे घरात करतीस तेच," असं म्हणून ते उठले. पण त्या दिवसापासून ते जरा निर्धास्त दिसायला लागले, हे प्राजक्ताच्या लक्षात आलं.

प्रश्न विचारणं हीसुद्धा शिकायची गोष्ट असते, हे तिला दत्तोबांनी दाखवलं. दत्तोबा तिचे स्वीय सहायक. याआधी तीन आमदारांच्या फायली सांभाळून त्यांनी डोक्याचे केस पांढरे केले होते, आणि उरलेले घालवले होते. पहिल्या अधिवेशनात प्राजक्ताने मोठ्या तळमळीने लिहिलं होतं, 'औद्योगिक भागातील नागरिकांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय?' छापील उत्तर आलं, 'हे खरे नाही.' त्याखालच्या चार पोटप्रश्नांना एकच ओळ होती, 'प्रश्न उद्भवत नाही.'

"ताई, हाल विचारू नका," दत्तोबा म्हणाले. "हाल मोजता येत नाहीत, म्हणून ते नाकारता येतात. तारीख विचारा. तारीख लिहिताना अधिकाऱ्याचा हात जरा थांबतो."

तेव्हापासून प्राजक्ता तारखा विचारू लागली.

करंजवस्तीचा पूल हा असाच तारखेचा मामला होता. निघोज्याच्या पुढे, कंपन्यांच्या रस्त्याने वस्तीचे सरळ दोन तुकडे केले होते. घरं अलीकडे, उरलीसुरली शेतं पलीकडे. मधे दिवसरात्र कंटेनर. माणसांना चालत ओलांडायला पूल मंजूर झाला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब उभा राहिला आणि काम थांबलं ते थांबलंच. चौदा महिने ते दोन खांब एकमेकांकडे बघत उभे होते. वस्तीने त्यांचं नाव ठेवलं होतं नवरा-नवरी. "नवरीपाशी उतरव," असं सांगितलं की रिक्षावाल्याला बरोब्बर कळायचं.

या नवरा-नवरीच्या पायी सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं ते पुतळाबाईंचं. पुतळाबाई सत्तरीच्या. रस्त्याला जमीन गेली त्यातून त्यांचा बारा गुंठ्यांचा तुकडा पलीकडे उरला होता. मेथी, कोथिंबीर, चार वांगी, एवढंच. पण ते त्यांचं स्वतःचं. मधला दुभाजक चढताना पाय सटकून त्या पडल्या, खुबा मोडला, आणि ऑपरेशन होऊन घरी आल्या त्या अलीकडेच राहिल्या. सून पुनम कंपनीत पहिल्या पाळीला जायची, मुलाची पाळी दर आठवड्याला बदलायची. शेताकडे बघणार कोण? ओट्यावर बसलं की शेत समोर दिसायचं, आणि त्यात माजलेलं गाजरगवतही दिसायचं.

"मेल्यालं मानूस दिसत न्हाई म्हनून इसरता येतं," त्या प्राजक्ताला म्हणाल्या होत्या. "ह्ये रोज समोर हाय. माज्या डोळ्यांदेखत गवतानं रान खाल्लं, बाई." आणि निघताना पदर धरून पुढे म्हणाल्या, "पूल करा, पन जिना नगं. उतार करा. जिना चढायचं आता माज्यानं व्हनार न्हाई."

प्राजक्ताने तिथेच वहीत लिहून घेतलं. पूल, तारीख, उतार.

मार्चच्या अधिवेशनात तिचा तारांकित प्रश्न लागला, आणि नशीब असं की बुधवारच्या यादीत तिसरा. तिसरा म्हणजे प्रश्नोत्तरांच्या तासात नक्की पुकारला जाणार, मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार. तिने आनंदाने वस्तीवरच्या सुरजला फोन केला. सुरज एका कंपनीत माल तपासायचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात तरुण मंडळाचा अध्यक्ष असायचा.

"बुधवारी आपला पूल सभागृहात येतोय. मोबाइलवर दिसेल, सगळ्यांना दाखव."

"ताई, तुमी बिनघोर रहा. वस्तीकडनं काय कमी पडणार न्हाई," सुरज म्हणाला.

या वाक्याची तिला भीती वाटायला हवी होती. पण ती मुंबईत होती, कागदांत बुडालेली होती, आणि तिने ते मनावर घेतलं नाही.

आता आपल्या या पट्ट्यातली एक रीत सांगायला हवी. इथे काम होण्याआधी फ्लेक्स होतो. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं फ्लेक्सवर, आणि सरकारी काम म्हटलं की विचारायलाच नको. आपण लावला नाही तर समोरचे लावतील, मग काम कुणीही करो, श्रेय त्यांचं. सुरजच्या कानावर आलं की सत्तेतल्या पक्षाच्या पोरांनी पुलाच्या आभारांचा फ्लेक्स छापायला टाकलाय. झालं. मंडळाची तातडीची बैठक भरली आणि सोमवारी सकाळी चाळीस फुटी फ्लेक्स तयार झाला. 'करंजवस्ती पादचारी पूल पूर्ण करून घेतल्याबद्दल आमदार प्राजक्ताताईंचे जाहीर आभार.' डावीकडे हात जोडलेली प्राजक्ता, उजवीकडे गॉगल लावलेले मंडळाचे एकोणीस कार्यकर्ते. चाळीस फूट बांधायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो रस्त्यावर आडवा, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणून बांधला. ताईंना आल्यावर दाखवू म्हणून तिला कुणी सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी छापील उत्तरं हातात पडली आणि प्राजक्ताने आपलं उत्तर दोनदा वाचलं. 'हे खरे नाही. सदर पुलाचे काम पूर्ण झाले आहे.' खाली ओळखीची ओळ, 'प्रश्न उद्भवत नाही.'

"काम पूर्ण?" ती दत्तोबांना म्हणाली. "दोन खांबांशिवाय तिथे काही नाही. मी स्वतः पाहिलंय."

दत्तोबांचाही चेहरा उतरला होता. "ताई, हे आज खोडून निघालं पाहिजे. सभागृहाच्या कामकाजात पूर्ण म्हणून नोंद झाली की फाइल बंद. मग त्या पुलाला कुणी वाली राहणार नाही. पुढे कुठेही गेलात तरी हाच कागद दाखवतील."

दत्तोबा वर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. प्राजक्ता आपल्या बाकावर बसली आणि तिला पुतळाबाईंचा पदर आठवत राहिला.

तिसरा प्रश्न पुकारला गेला. ती उभी राहिली. आवाज शक्य तितका साधा ठेवून तिने विचारलं, "अध्यक्ष महोदय, माझा एकच उपप्रश्न आहे. काम पूर्ण झालं असं मंत्री महोदय म्हणतात. ते कोणत्या तारखेला झालं?"

मंत्री मुरलेले गृहस्थ होते. हसतमुखाने उठले. "अध्यक्ष महोदय, तारखेची गरजच नाही. सन्माननीय सदस्यांच्याच कार्यकर्त्यांनी, पूल पूर्ण झाला म्हणून सन्माननीय सदस्यांचेच आभार मानलेत. हा बघा फोटो." त्यांनी मोठा रंगीत फोटो उंच धरला. "आमच्या अधिकाऱ्यांनी परवाच जागेवर जाऊन काढलाय. बाहेर श्रेय घ्यायचं आणि आत येऊन प्रश्न विचारायचा, हे कसं?"

सत्तेतल्या बाकांवर हशा पिकला. बाकं वाजली. तिच्या मागच्या रांगेतला तिच्याच पक्षाचा एक ज्येष्ठ सदस्य हळूच म्हणाला, "बसा आता." प्राजक्ताला लांबून फक्त स्वतःचा हात जोडलेला चेहरा दिसत होता. तिला सुरजचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण वस्तीकडनं काय कमी पडणार न्हाई हे वाक्य आत्ता तिला लख्ख आठवलं.

पण बसायचं म्हणजे पुतळाबाईंना ओट्यावरच बसवायचं. ती बसली नाही.

"अध्यक्ष महोदय, तो फोटो मला बघायला मिळावा."

अध्यक्षांनी मान हलवली. शिपायाने फोटो आणून दिला. प्राजक्ताने तो दोन्ही हातांत धरला आणि सावकाश बघितला. अधिकाऱ्याने गाडीत बसल्या बसल्या काच खाली करून काढला असावा. फ्लेक्स ताणलेला होता, एकोणीस गॉगल चमकत होते. फ्लेक्सच्या दोन्ही टोकांना खांब. फ्लेक्सच्या वर निळं आकाश. फ्लेक्सच्या खाली कंटेनर. आणि कोपऱ्यात, दुभाजकावर, डोक्यावर भारे घेतलेल्या तीन बायका एकमेकींचा हात धरून वाहनं थांबायची वाट बघत होत्या.

तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिला हसू यायला लागलं आणि तिने ते लपवलं नाही.

"अध्यक्ष महोदय, हा फोटो कृपया सभागृहाच्या पटलावर ठेवावा. माझ्या कार्यकर्त्यांची चूक मी मान्य करते. त्यांनी आभार लवकर मानले. आमच्याकडे या दोन खांबांना लोक नवरा-नवरी म्हणतात. चौदा महिने दोघं समोरासमोर उभी आहेत. मंत्री महोदयांनी फोटोत जे बघितलं तो पूल नाही, तो नुसता अंतरपाट आहे. लग्न अजून लागलेलं नाही. आणि लागलंच असेल, तर या कोपऱ्यातल्या तीन बायका पूल सोडून दुभाजकावर का चढल्यात, एवढं मंत्री महोदयांनी सांगावं."

मग हशा उठला, आणि या वेळी तो दोन्ही बाजूंनी उठला. अध्यक्षांनी फोटो मागवून घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिला. मग मंत्र्यांकडे वळून म्हणाले, "यात पूल कुठे आहे?"

मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिलं. तिथून एक चिठ्ठी आली, पाठोपाठ दुसरी आली. मंत्री खरोखरच मुरलेले होते, त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, त्यांच्या घड्या केल्या आणि सरळ सांगितलं, "अध्यक्ष महोदय, मला दिलेली माहिती चुकीची होती. छापील उत्तर मी दुरुस्त करतो. काम तीस सप्टेंबरपर्यंत पूर्ण केलं जाईल."

"पूल जिन्याऐवजी उताराचा?" प्राजक्ताने उभ्या उभ्याच विचारलं.

"उताराचा," मंत्री म्हणाले, आणि खाली बसताना त्यांनाही थोडं हसू आलं.

तिने वहीत लिहिलं. तीस सप्टेंबर. उतार. वर सज्जात दत्तोबा टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तिथे टाळ्या वाजवायला मनाई असते, हे ऐन वेळी आठवून त्यांनी हात खिशात घातले.

बाहेर येते तो सुरजचा फोन. आवाज अगदी पडलेला. "ताई, घोळ आमीच घातला. आत्ताच्या आत्ता फ्लेक्स काढतो."

"काढ. पण नीट घडी करून ठेव," ती म्हणाली. "तू तो लावला नसतास तर त्या रस्त्यावर फोटो काढायला कोण आलं असतं रे?"

तीस सप्टेंबरला पूल झाला का? नाही. सरकारी तारखेला थोडी सूट द्यावीच लागते. पण सभागृहात दिलेलं आश्वासन कागदावर होतं आणि दत्तोबा त्या कागदाला जळूसारखे चिकटले. दर महिन्याला एक पत्र, आश्वासन समितीला एक प्रत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी रस्ता थांबवून क्रेनने तुळया चढवल्या. पहिली तुळई दोन्ही खांबांवर टेकली तेव्हा वस्तीतल्या बायकांनी खालून अक्षता उडवल्या. त्या तुळईपर्यंत पोचल्या नाहीत. हेल्मेट घातलेल्या इंजिनिअरवर पडल्या, आणि तो बिचारा लाजला.

उद्घाटनाला मंत्री आले. पत्रिकेत प्राजक्ताचं नाव होतं, शोधल्यावर सापडेल एवढ्या अक्षरांत. पत्रिका हातात पडली ती त्याच दिवशी सकाळी. ती तळवड्यातून निघून पोचेपर्यंत फीत कापून झाली होती, गाड्या गेल्या होत्या, रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या होत्या. खरं सांगायचं तर तिला किंचित लागलं. माणूस आहे, लागणारच.

उताराच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पुतळाबाई बसल्या होत्या. हातात काठी, मांडीवर खुरपं. शेजारी पुनम आणि सुरज उभे.

"आजी, तुम्ही अजून गेला नाहीत पलीकडे?"

"मंत्री म्हनला, चला आजी, तुमी पयल्या," पुतळाबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, न्हाई बाबा. करवली आल्याबिगर वरात कशी निघंल?"

प्राजक्ताने हात पुढे केला. पुतळाबाईंनी तो धरला, काठी पुनमकडे दिली, आणि दोघी हळूहळू उतार चढू लागल्या. मधोमध आल्यावर पुतळाबाई दम घ्यायला थांबल्या. पायाखालून कंटेनर जात होते. तिथून वस्तीतली सगळी छपरं दिसत होती, आणि पुतळाबाईंच्या गोठ्यावर तो चाळीस फुटी फ्लेक्स पसरलेला होता. प्राजक्ताचा हात जोडलेला चेहरा उलटा, आभाळाकडे बघत. एकोणीस गॉगल आडवे.

"पावसाळाभर गाय भिजली न्हाई," पुतळाबाई समाधानाने म्हणाल्या. "लई उपेगी पडलात तुमी."

प्राजक्ता इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मागे सुरज मान खाली घालून चालत होता, आणि तोही हसत होता.

पलीकडचा उतार संपला. शेतात गाजरगवत कमरेएवढं होतं. पुतळाबाईंनी बांधावर बूड टेकलं, पदर खोचला, आणि शेजारचं पहिलं झाड मुळासकट उपटून बाजूला ठेवलं. मग दुसरं. करवली गाडीकडे परत जाईल असं त्यांना वाटलं असावं, म्हणून त्यांनी वर पाहिलं. प्राजक्ता चपला काढून, साडी वर खोचून, त्यांच्यापासून दोन हातांवर गवत उपटायला बसली होती.