सव्वातीन फेऱ्यांचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे आणि ही मान माझी मूळची नाही. ती कशी बदलली, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाजूला आम्ही बनायचो आणि दुसऱ्या बाजूला बादल्या. आमच्या बाजूला झाकणमास्तर होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण हाक सगळे 'झाकणमास्तर' अशीच मारायचे. बावीस वर्षं ते झाकणाच्या आतली रबरी रिंग कापत होते, तीही केसाच्या मापाने. रिंग उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "केसभर जाड आहे." की ती रिंग टाकाऊच्या टोपलीत.

जन्मल्याबरोबर माझी परीक्षा झाली. एका यंत्राने माझं झाकण बरोबर सव्वातीन फेरे फिरवून लावलं आणि मला उलटं टांगलं. दिवसभरात एक थेंब सांडला नाही. माझं फार कौतुक झालं. मला वाटलं, जग म्हणजे एक यंत्र असतं आणि ते सव्वातीन फेरे फिरतं.

मग तक्रारी येऊ लागल्या. माझी भावंडं घरोघरी गेली होती आणि घरोघरी सांडत होती. कुणाच्या वह्यांवर, कुणाच्या गादीवर, एका तरुणाच्या बाबतीत तर होणाऱ्या सासऱ्यांवर. मॅनेजरसाहेबांनी मला पुन्हा उलटं टांगलं. पुन्हा थेंब नाही. "दोष थर्मासात नाही, गिऱ्हाइकांत आहे," असा त्यांनी निष्कर्ष काढला. पण गिऱ्हाइकांना दुरुस्तीसाठी परत बोलावता येईना.

शेवटी मालकांनी बजावलं, महिनाअखेरपर्यंत गळती थांबली नाही तर थर्मास बंद. सगळ्यांनी बादल्यांकडे जायचं.

"बादल्यांकडे?" झाकणमास्तरांनी हातातली रिंग खाली ठेवली. "अहो, बादलीला झाकण नसतं!"

मॅनेजरसाहेब तातडीने एका शिबिराला गेले. वस्तू भक्कम कशा बनवाव्यात, हा त्याचा विषय होता. तिथून ते वहीत एकच वाक्य घेऊन आले: 'वस्तू नॉइजला टिकली पाहिजे.' खाली दोन रेघा. त्यानंतर म्हणे जेवणाची सुट्टी झाली आणि साहेब जेवण झाल्यावर घरी आले.

पुढचे चार दिवस, मित्रांनो, आमच्यावर गोंगाट करण्यात आला. पत्रे बडवले. भोंगा वाजवला. पहारेकऱ्याला माझ्यासमोर उभं करून ओरडायला सांगितलं. तो बिचारा लाजला. "काय ओरडू, साहेब?" "काहीही ओरड." मग त्याने आपल्या मेहुण्याविषयी मनात साठलेलं सगळं मला ऐकवलं. मी ढिम्म. 'थर्मास गोंगाटाला पुरून उरला,' असा अहवाल तयार झाला.

तो अहवाल नव्याने आलेल्या इंजिनिअर ताईंच्या हाती पडला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"साहेब, नॉइज म्हणजे इथे आवाज नाही."

"मग काय?"

"आपल्या हातात नसलेलं सगळं. रिंग कधी कमीजास्त कापली जाते. चहा कधी उकळता, कधी कोमट. लावणारा माणूस घाईत असतो. हे सगळं होऊनही जो गळत नाही, तो थर्मास चांगला."

"मग सरळ असं लिहावं ना माणसाने! त्या पहारेकऱ्याचा घसा बसलाय."

साहेबांनी लगेच तोड काढली. झाकणावर सूचना छापायची: 'सव्वातीन फेरे फिरवा.'

"आमची आत्या नाही वाचणार," झाकणमास्तर हळूच म्हणाले.

ताईंनी वळून पाहिलं. "झाकण कसं लावतात तुमच्या आत्या?"

"लावते असं नाही म्हणता येणार. ठेवते."

"उद्या घेऊन या त्यांना!"

आत्या आल्या. वाटेतली खड्ड्यांची हकिकत सांगता सांगता त्यांनी माझं झाकण तिरकं टेकवलं, अर्धा फेरा दिला, मला पिशवीत उलटं कोंबलं आणि पिशवी साहेबांच्या मांडीवर ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदा गळलो. साहेब ताडकन उठले.

"अहो, झाकण नीट लावा ना!"

"नीटच लावलंय. तुमचा थर्मासच वाकडा."

ताईंनी वहीत लिहिलं: 'आत्यांचं बरोबर आहे.'

मग आम्हा नऊ थर्मासांच्या माना बदलल्या. तीन प्रकारचे आटे, तीन प्रकारच्या रिंगा, तीन त्रिक नऊ. प्रत्येकाचं झाकण आत्यांनी लावायचं: एकदा घाईत, एकदा डाव्या हाताने, एकदा रागात. रागासाठी झाकणमास्तरांना रोज सकाळी आत्याशी भांडावं लागे. विषय संपत आले तेव्हा त्यांनी तिच्या स्वयंपाकाचा विषय काढला. त्या दिवशीचे आकडे फार उपयोगी पडले.

निकाल लागला. बारीक आटे आणि केसाच्या मापाची रिंग असलेला चार नंबर यंत्राच्या हातात पहिला आला, पण आत्यांच्या हातात धो धो गळला. मी होतो सात नंबर. माझे आटे रुंद, तिरक्या झाकणालाही धरून ठेवणारे. रिंग मऊ आणि गुबगुबीत. मी कशातच पहिला आलो नाही. फक्त कुणाच्याच हातात गळलो नाही.

झाकणमास्तरांनी माझी रिंग उजेडात धरली. "केसभर कसली, बोटभर जाड आहे ही. म्हणजे बावीस वर्षं मी…"

"अरे, रिंग तूच बसवणार ना?" आत्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं तर. उगाच तोंड पाडू नकोस. तुझ्या त्या केसाच्या मापाने माझी पिशवी एकही दिवस कोरडी राहिली नव्हती."

महिन्याचा शेवटचा दिवस. मालक आले. थर्मास बंद करण्याचा हुकूम टेबलावर होता, सही तेवढी बाकी होती. ताईंनी मला गरम चहाने भरून त्यांच्या हातात दिलं, झाकण वेगळं. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी झाकण तिरकं टेकवलं, अर्धा फेरा दिला आणि मला त्या हुकुमावरच आडवं टाकलं. झाकणमास्तरांनी डोळे मिटले. या वेळी दोन्ही.

फोन अकरा मिनिटं चालला. झाकणमास्तरांनी डोळे उघडले तेव्हा कागद कोरडा होता. मालकांनी तो घडी करून खिशात घातला. "बादल्यांना दुसरी माणसं बघा," ते म्हणाले.

आत्यांना 'प्रमुख गोंगाट' असा बिल्ला मिळाला. पण वर्षभरात त्या झाकण नीट लावायला शिकल्या आणि कामाला निरुपयोगी ठरल्या. त्यांच्या जागी मॅनेजरसाहेबांना नेमलं. त्यांना काही शिकवावं लागलं नाही.

मित्रांनो, गोष्टीच्या या ठिकाणी आमच्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपून वापरा. मी म्हणणार नाही. मला कसंही लावा, मला त्यासाठीच बनवलंय. पण उद्या तुम्ही काही बनवाल, खुर्ची म्हणा, पूल म्हणा, तेव्हा यंत्राने शाबासकी दिली म्हणून खूश होऊ नका. एखादी आत्या शोधा. प्रत्येक घरात असते. तिच्या हातात द्या आणि ती काय करते ते न रागावता बघा.

आता मी पोचे आलेला, रंग उडालेला, झाकणमास्तरांच्या स्वयंपाकघरात असतो. दर रविवारी ते माझी रिंग काढतात, उजेडात धरतात, एक डोळा मिटतात. "केसभर जाड आहे," म्हणतात आणि तीच परत बसवतात. मग झाकण लावतात. माझ्या या रुंद आट्यांना आता दीडच फेरे पुरतात. सव्वातीनातले उरलेले पावणेदोन ते हवेत फिरवतात.