उज्ज्वलाचा घास

नाव: उज्ज्वला. वय एकतीस. गाव पारगाव.

तक्रार: घास घशाखाली उतरत नाही. अडीच महिने. वजन नऊ किलोनं कमी.

आधीच्या तपासण्या: दुर्बीण, रक्त, थायरॉइड. सगळं नॉर्मल.

या रकान्यापाशी मी दर गुरुवारी थकते. शरीराच्या दुखण्यात मनाचा भाग किती, हे पाहायला मी पेठच्या या दवाखान्यात आठवड्यातून एकदा येते. सगळीकडून ‘काही नाही’ ऐकून आलेले लोक माझ्या वाट्याला. ही आजची सतरावी.

सोबत: नवरा भरत. सासू चिमाबाई.

“डॉक्टर म्हनला, काय न्हाई,” चिमाबाई म्हणाल्या. “मंग सोमवारपास्नं गवत कापायला जात न्हाई, काय धाड भरलीय?”

उज्ज्वलाच्या मानेवर खिळ्यांच्या पट्ट्याचे वळ. बिबट्या मागून मान धरतो, म्हणून उसाकडं जाताना बायका तो पट्टा घालतात.

कधीपासून: ती वाकून गवत कापत होती. मागच्या मागे बिबट्यानं शेळी नेली. आवाजसुद्धा झाला नाही. त्या दिवसापासून.

तपासणी: बिस्कीट दिलं. चावलं. गिळायच्या आधी तिनं मागे पाहिलं. उतरेना.

“भरत, तिच्या मागं उभे राहा.”

“मी?”

“तुम्हीच.”

वर्गात शिक्षा झाल्यासारखा तो उभा राहिला. घास उतरला. दुसरा. तिसरा.

“बघा! खाती की!” चिमाबाईंनी टाळी वाजवली. “म्हनलं न्हवतं, नाटक हाय?”

निदान: माझी चूक. दाखवलं की पटतं, असं सोळा वर्षांनंतरही मला वाटतं.

समजावण्याचं त्राण नव्हतं. नुसतं विचारलं, “शेळी गेल्यापासून तुम्ही गेलात का गवताला?”

“कशी जानार? गुडघं धरल्यात तवापास्नं.”

“गुडघ्यांचा एक्स-रे काढला?”

“काढला की. फोटोत काय न्हा...”

त्या थांबल्या. पदर नीट केला. सुनेकडं मात्र बघितलं नाही.

उपचार: दोन्ही जेवणांना भरतनं मागे उभं राहायचं. दर आठवड्याला एक पाऊल लांब. तोवर उसाकडं एकटीनं जाणं बंद.

“दोनदा न्हाई जमायचं, म्याडम. कारखान्यात पाळी हाय.”

‘दोन्ही’ खोडलं. ‘एका’ लिहिलं.

“आणि गवत?” मी विचारलं.

भरतनं आईकडं पाहिलं. “आनीन मी. पाळी सुटल्यावर.”

उज्ज्वला चौथं बिस्कीट खात होती. मी चिमाबाईंसाठी कोरा केसपेपर ओढला. बाहेर अजून अकरा जण होते.