पेल्याची तिची बाजू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पेला आहे. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, एका डोंगरी किल्ल्यात, प्रार्थनाघराच्या कोनाड्यात माझा मुक्काम असतो. इथे येणारे लोक मेणबत्ती लावतात, गुडघे टेकतात आणि निघून जातात. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नाही. पण मला तुच्छ समजू नका. एके काळी माझ्यातून दोन माणसे पीत होती.

मेपलच्या झाडाला मोठी गाठ आली होती. त्या गाठीतून एका कातार्‍याने मला कातून काढले. माझ्या काठावर चांदीची पट्टी बसवली ती पेरोनेलबाईंच्या वडिलांनी, लेकीच्या लग्नासाठी. पट्टीवर एका जागी वेलीचे नाजूक पान कोरले होते. पानाची बाजू बाईंची.

आमच्याकडे जेवताना शेजारी बसलेल्या दोघांत एकच पेला असतो. आधी बाईने ओठ पुसून प्यायचे आणि आपण प्यालो तीच बाजू पुढे करून पेला शेजार्‍याला द्यायचा. तो तिथूनच प्यायला, तर त्याने तिचा मान राखला. त्याने पेला फिरवला, तर सगळे घर मान खाली घालून भाकरी चघळू लागते.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत पेरोनेलबाईंचे यजमान तापाने गेले. मी दुखवट्यात कपाटात पडून होतो. बाहेर आलो तेव्हा बाईंच्या शेजारी त्यांच्या पदरचा, किल्ला राखणारा सरदार गिस्कार बसला होता. भुवया जाड, आवाज घोगरा, आणि वरच्या ओठावर भाल्याची जुनी जखम. बाईंनी पानाची बाजू पुढे केली. या गृहस्थाने मला गर्रकन फिरवले आणि पलीकडून घोट घेतला! मला लाज वाटली.

बाई हसल्या. "सरदार, माझ्या ओठांना विष लागलंय का?"

"बाईसाहेब, वाइन प्यायची असते. तिची चौकशी करत बसायचं नसतं."

"अस्वलाला जेवायला बसवलंय आपण," दासी माबिल बाईंच्या कानात म्हणाली. बाई पुन्हा हसल्या, पण त्या जेवणात त्यांनी मला परत उचलले नाही.

मग हे रोजचेच झाले. तरी बाईंना त्याचे बोलणे आवडू लागले होते. तो गडाच्या भिंतीला शिव्या द्यायचा, स्वयंपाक्याला शिव्या द्यायचा, आणि बाई खोकल्या की आधी स्वतः उठून खिडकी लावायचा. त्या रोज पानाची बाजू पुढे करत. तो रोज मला फिरवायचा.

एका दुपारी सगळे शिकारीला गेले. गिस्कार एकटाच मेजाशी बसला होता आणि पायाशी त्याची म्हातारी कुत्री होती. त्याने मला उचलले, पानावरून अंगठा फिरवला आणि कुत्रीशी बोलू लागला.

"बघतेस काय अशी? हा मेला ओठ रोज फुटतो. त्यांच्या जागेवर रक्त लावू होय? आणि जखमेचं रडगाणं गायला मी काय देवळाच्या दारातला भिकारी आहे?"

मित्रांनो, त्या दिवशी मला सारे कळले, आणि कळून काही उपयोग नव्हता. लाकडाला जीभ नसते. इतके एकटे मला कपाटातल्या अंधारातही वाटले नव्हते.

ईस्टरला आमच्या मुलखाच्या धन्याचा, ड्यूकचा माणूस आला. बाईंनी उत्तरेकडच्या एका उमरावाशी लग्न करावे, नाहीतर आपल्या पदरच्या कुणा सरदाराचे नाव घ्यावे, असा निरोप होता. उत्तर त्याच जेवणात द्यायचे होते. बाईंनी त्या दिवशी फारच सावकाश ओठ पुसले. एक घोट घेतला. दोन्ही हातांनी पान त्याच्यासमोर धरले आणि त्याच्या डोळ्यांत पाहिले. गिस्कारचा चेहरा पांढरा पडला. त्याच सकाळी ओठ पुन्हा फुटला होता. त्याने मला फिरवले.

"उमरावांना माझा होकार कळवा," बाई म्हणाल्या.

जाताना माबिलने मला सामानात बांधायला घेतले. बाईंनी मान वळवली. "राहू दे तो इथंच. त्याची माझी बाजू कुणाला नको होती."

गाड्या निघून गेल्या. गिस्कार मेजाशी येऊन बसला. समोरची खुर्ची रिकामी होती. आता कुणाला रक्त लागणार नव्हते. त्याने पान आपल्याकडे केले आणि तो तिथून प्यायला. पुढे तो म्हातारा झाला, कुत्री गेली, दात गेले, पण त्याने दुसर्‍या बाजूने कधी घोट घेतला नाही. शेजारी कुणाला बसूही दिले नाही.

तो हिवाळ्यात गेला, आणि मला इथे प्रार्थनाघरात आणून ठेवले. बर्फ वितळल्यावर पेरोनेलबाई आल्या. पुन्हा विधवा, केस पांढरे, माबिलच्या खांद्यावर हात. त्यांनी मला या कोनाड्यातून उचलले आणि सवयीने बोटांनी पान शोधले. पान नव्हते. तिथली चांदी झिजून कागदासारखी पातळ झाली होती. पलीकडची पट्टी मात्र जशीच्या तशी होती.

"माबिल," त्या हळूच म्हणाल्या, "अगं, ही तर माझी बाजू."

"अस्वल मेलं," म्हणून माबिल रडायला लागली.

बाईंनी माझ्यात पाणी ओतले, ओठ नीट पुसले आणि त्या झिजलेल्या जागेवरून एक घोट घेतला. उरलेले पाणी तसेच ठेवले. शेजार्‍यासाठी ठेवतात तसे.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना घासताना जपा, चांदी लवकर झिजते. आणि तुमच्यासमोर कुणी पेला फिरवला, तर रागावण्याआधी त्याला कारण विचारा. थट्टेत नको, खरेच विचारा. तो चिडेल, गुरगुरेल. तरी उत्तर येईपर्यंत मेजावरून उठू नका.