शेवट तुटलेला उतारा

मित्रांनो, मी एक जुना उतारा आहे. दृष्ट काढून उंबऱ्याबाहेर टाकतात तो नव्हे, आणि विषावरचाही नव्हे. छापील कागदावरच्या आठ-दहा ओळी, एवढाच माझा जीव. जन्म मात्र रक्तातला आहे, ते आधीच सांगून टाकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि या काठचं पांढुर्णा नि त्या काठचं सावरगाव त्या झेंड्यापायी एकमेकांना दगडांनी फोडून काढतात. त्याचं नाव गोटमार. सौसरच्या डॉक्टर प्रतिभाताई एका वर्षी तिथे मदतीला आल्या होत्या. एका धडधाकट गड्याच्या डोक्यात गोटा बसला होता आणि कानातून रक्त वाहत होतं. ते थांबावं म्हणून कुणी मायेनं कानात हळद दडपली, कुणी वरून देवीचा अंगारा. ताईंपर्यंत पोहोचेतो उशीर झाला. तो त्यांच्या हातावरच गेला.

ताईंनी हात धुतले आणि रागारागानं मला लिहिलं. मान हलवू नका, पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सगळ्यात शेवटी: कानात कापूस, हळद किंवा अंगारा कोंबू नका.

पत्रक होऊन मी मोहगाव, बोरगाव, पांढुर्णा, सगळीकडे भिंतींवर चिकटलो. काय मोजकं लिहिलंय, असं लोक म्हणत, आणि मी फुगून जाई. पुढे रंग उडाला. कुणी माझ्यावर भजी निथळत ठेवली. एका गोटमारीत तर एकानं मला भिंतीवरून ओरबाडलं, फुटलेला गुडघा माझ्याच कागदानं पुसला आणि बोळा करून नदीत भिरकावला. वाचलं नाहीच. मला फार लागलं ते.

एक प्रत तेवढी पांढुर्ण्याच्या मृणालच्या हाती आली. ती नागपुरात संगणकाचं काम करते. तिनं आरोग्याचे शेकडो उतारे जमवले, मराठी आणि हिंदी दोन्ही, आणि ते एका यंत्रात भरायला घेतले. माणसानं फोनवर आपल्या बोलीत प्रश्न विचारायचा, यंत्रानं अर्थाला जवळचा उतारा हुडकून मोठ्यानं वाचायचा. मला पुन्हा वाचा फुटणार म्हणून मी हरखलो होतो.

पण यंत्राच्या घशात एका वेळी ठरावीकच अक्षरं मावतात. उतारा लांब निघाला की ते मागचा तुकडा मुकाट्यानं छाटतं. माझा शेवटचा शब्द असा गेला, गवत कापावं तसा. पोळा तोंडावर आलेला, मृणाल घाईत. तिनं हिंदी उतारे तपासले, ते शहाण्यासारखे बोलले, कारण हिंदीत 'मत' क्रियापदाच्या आधी येतं. आमच्या मराठीत 'नका' शेपटाला असतं. तिकडे तिचं लक्षच गेलं नाही.

गोटमारीच्या दिवशी मी प्रणालीच्या फोनमध्ये होतो. ती पांढुर्ण्याची लेक, सावरगावची सून, पोळ्याला माहेरी आलेली. तिचा धाकटा भाऊ कुलदीप या काठावर आणि नवरा अमित त्या काठावर. दोघांच्याही हातात दगड.

ढोल सुरू झाले तसे दगड सुटले. कुणाची भुवई फाटली, कुणाचे दात पाण्यात पडले. एकाचं नाक बसलं तरी तो वाकून दुसरा दगड शोधत होता. कुलदीप पाण्यात शिरून झाडापर्यंत गेला. त्यानं फांदीला हात घातला आणि त्याच क्षणी समोरून आलेला गोटा त्याच्या कानावर बसला. तो आवाज प्रणालीनं काठावरून ऐकला.

पोरांनी त्याला ओढत आणून एका ओसरीवर टाकलं. मेहुणा पडलेला पाहून अमित दगडांच्या माऱ्यातून नदी ओलांडून आला. त्याचं स्वतःचं कपाळ फुटलं होतं. रुग्णवाहिका गर्दीत अडकलेली. प्रणालीनं फोन तोंडाशी धरला.

"कुलदीपच्या कानातून रक्त येऊन राहिलं. काय करू?"

यंत्रानं मलाच निवडलं. मी बोलू लागलो, आणि शेवटी माझ्याच तोंडून निघालं: कानात कापूस, हळद किंवा अंगारा कोंबू. पुढे काहीच नाही. मी आत ओरडत होतो, पण छाटलेल्या जिभेनं ओरडणार काय?

"कोंबा म्हणून राहिला तो," अमित म्हणाला. कुणीतरी कापूस दिला आणि त्यानं तो अंगठ्यानं दाबून आत सारला. कुलदीप गुरासारखा हंबरला.

प्रणाली थबकली. कोंबू म्हणून कुणी थांबतं का? तिनं अमितचं मनगट धरलं. "थांबा. त्याचं बोलणं पुरं नाही झालं." मग तिनं तोच प्रश्न हिंदीत विचारला. माझा हिंदी भाऊ स्वच्छ बोलला: कान में कुछ भी मत ठूँसिए.

तिनं कापूस उपसून काढला. मागोमाग रक्ताचा लोट आला, अमितची बाही भिजली. कान तसाच वाहता ठेवून, मान सावरत त्यांनी त्याला नागपूरला नेलं. कुलदीप वाचला. त्या कानानं मात्र त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.

मृणाल रडली, आणि मग कामाला लागली. तिनं एकेक मराठी उतारा शेवटापर्यंत वाचला, मला माझा शब्द परत दिला. मित्रांनो, आम्हाला भरताना शेवट तपासा, एवढं मागणं मी आजवर करत आलो.

पण यंदाचा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीप आणि अमित, दोघांनीही डोक्याला गमछे बांधले. प्रणाली दारात आडवी उभी राहिली. कुलदीपच्या चांगल्या कानाकडे तोंड करून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "नका जाऊ. दोघंही."

नकार तिनं आधी ठेवला होता आणि वाक्य पूर्ण होतं. दोघांनीही ते नीट ऐकलं. मग ते तिच्या दोन बाजूंनी बाहेर पडले, एक या काठाला, एक त्या काठाला.