आमच्या घरी कोणी वाढायचं नाही

कोचला सांगितलं

"नाही हो, त्याची वाढ संपली. डॉक्टरच म्हणाले," आई फोनवर म्हणाली.

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "मिसेस टॅलमज, पोराला जेवायला घालता का?"

पोरगा म्हणजे ॲन्सेल. माझा जुळा भाऊ. मार्क बेताचे. नदीकाठच्या त्या जुन्या कॉलेजात बेताच्या मार्कांवर शिरायचे रस्ते ठरलेले आहेत : आजोबा तिथे शिकलेले असावेत, नाहीतर आजोबांच्या नावाची इमारत तिथे असावी, नाहीतर तिथल्या एखाद्या कोचला तुम्ही हवे असावेत. आमचे आजोबा लोकांच्या घरांवर छपरं बसवायचे. उरला कोच.

आठ धिप्पाड पोरं वल्ही मारतात आणि बोटीच्या शेपटाला एक काटकुळा त्यांच्याकडे तोंड करून बसतो, सुकाणू धरतो, ओरडतो. त्याला कॉक्स म्हणतात. तो जितका हलका तितकी बोट हलकी. ॲन्सेल शाळेतला सगळ्यात बुटका मुलगा होता आणि ओरडायला जन्मजात चांगला. तिथले कोच ब्रँडव्होल्ड म्हणाले होते, "असाच राहा, मी ॲडमिशनवाल्यांकडे शब्द टाकतो."

असाच राहा. मग उन्हाळा आला आणि ॲन्सेलची विजार घोट्याच्या वर चढू लागली.

प्रूइटबाईंना सांगितलं

"ॲन्सेल सुकलाय गं," कुंपणापलीकडून प्रूइटबाई म्हणाल्या.

"नदीवर असतो ना सारखा. ऊन," आई म्हणाली.

प्रूइटबाईंना खरं सांगून चालणार नव्हतं. त्यांचा मुलगा लहानपणापासून तलवारबाजी शिकतोय, कारण तलवारबाज कमी असतात. कोपऱ्यावरच्यांनी मुलीच्या हातातलं व्हायोलिन काढून तिच्याएवढं बासून नावाचं फुंकायचं वाद्य दिलं, कारण त्या कॉलेजच्या वाद्यवृंदातला बासूनवाला यंदा पास होऊन जाणार आहे. आमच्या गल्लीत मुलांना काय आवडतं हे कोणी विचारत नाही. कॉलेजात कशाची टंचाई आहे ते विचारतात.

ॲन्सेलला सांगितलं

"दूध नको."

"पोक काढून चाल."

"पहाटे उठत जा. पोरं झोपेत वाढतात," हे बाबांचं. कुठेतरी वाचलं होतं.

"मी काय करू? हाडं माझं ऐकत नाहीत!"

"आठ रेडे तुझं ऐकतात," बाबा म्हणाले, "हाडांवर पण ओरड की."

मला सांगितलं

"थिया, तुला काय काळजी? तुझे मार्क आहेत." वर्गात पहिली येणाऱ्या मुलीशी आमच्या घरी एवढंच बोलतात.

पण कोच ऑक्टोबरात घरी जेवायला येणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडेच आले. मी म्हटलं, "बुटकं कोण, हे शेजारी कोण उभं आहे त्यावर ठरतं. आपण उंच होऊ या."

आईनं लग्नातले उंच टाचांचे बूट बाहेर काढून घातले. बाबांनी बुटात पुठ्ठे घातले. मी आत्याचे उंच टाचांचे बूट चढवले. ॲन्सेलला सपाट सपाता देऊन आधीच टेबलाशी बसवलं, पाय खुर्चीखाली दुमडून.

कोचना सांगितलं नाही, पण कळलं

बाहेर चिखल होता. सभ्य माणूस, कोचनी दारातच बूट काढले. मोजे घालून आत आले आणि मान वर करून आमच्याकडे पाहत राहिले.

"काय हो, जंगलात शिरल्यासारखं वाटतंय."

"बाबांच्या घराण्यात सगळेच उंच," मी म्हटलं. "ॲन्सेल तेवढा आईवर गेला." तेवढ्यात आईचं डोकं दिव्याला आपटलं.

मांस आलं, बटाटे आले. ॲन्सेलच्या ताटात हिरवी पानं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कोच म्हणाले, "समज, शेवटचा टप्पा आहे. बोट मागे पडलीय, पोरं दमलीत. ओरड बघू."

कॉक्स पोक काढून ओरडू शकत नाही. आवाज पोटातून यावा लागतो. ॲन्सेलनं पाठ ताठ केली, पाय रोवले, आणि गुडघ्यांवर टेबल उचललं गेलं. रस्सा कोचच्या मांडीवर. आवाजही नवीनच निघाला. तळघरातून आल्यासारखा.

कोचनी शांतपणे रुमालानं विजार पुसली. "किती वाढलास रे?"

"अजून थांबलो नाही, सर."

आईनं डोळे मिटले.

"चांगला ओरडतोस. पण सुकाणूवर ताड घेऊन मी काय करू? वाईट वाटतं, बाळा." मग ते माझ्याकडे वळले. "तू उभी राहा गं. बूट काढून."

मी काढले. तरीही त्यांना मान थोडी वर करावीच लागली.

"वल्हं धरलंयस कधी?"

"नाही."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी नाहीत. आमच्या मुलींच्या कोच उंच मुली शोधून थकल्यात. मार्क कसे आहेत?"

बाबांनी सांगितले. पहिल्या नंबरासकट.

"हां," कोच म्हणाले, "तेवढे पुरतात."

"आणि ती अजून वाढतेय!" आई ओरडली.

आई-बाबांना सांगितलं नाही

ॲन्सेल मागच्या पायऱ्यांवर बटाट्यांचं अख्खं भांडं घेऊन बसला होता.

"रागावलास?"

"आधी खातो. मग बघू."

मी शेजारी बसले. तो बराच वेळ चावत होता.

"थिया, तुम्ही आठ जणी उलट्या बसणार. पाठ पुढे. बोट कुठे चाललीय ते तुम्हाला दिसणार नाही. फक्त कॉक्सला दिसतं."

"मग?"

"काही नाही. मला तेवढंच आवडायचं."

नको जाऊ का, असं विचारायला हवं होतं. पण तो हो म्हणाला असता तर?

"जाणार ना तू?" त्यानंच विचारलं.

"जाणार."

"मग अशी पोत्यासारखी काय बसलीस? पाठ सरळ! खांदे खाली! खेच!" तो त्या तळघरातल्या आवाजात गरजला. प्रूइटबाईंचा पडदा हलला. मी पाठ सरळ केली.