तांदळात लिहिलेलं नाव

डोक्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले तरी बायको डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, आज शुद्धीवर यायला हवी, नाहीतर अवघड आहे.

नर्स तेलुगू, पण माझ्याशी दख्खनीत बोलायची. “अम्मा को नाम लेके बुलाओ जी. घरवालों की आवाज पहचानते.”

माझी पंचाईत झाली. अठ्ठेचाळीस वर्षांत मी बायकोला नावानं हाकच मारली नव्हती. आमच्यात ती पद्धत नाही. तरी ओरडलो, “कुसुम!” पापणीही हलली नाही.

“ये नाम कौन रखे?”

“मैंच.” लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मीच लिहिलं होतं.

“पहले का नाम क्या था?”

माझं डोकं चालेना. पत्रिकेत तिचं माहेरचं नाव वाचून लाज वाटली होती, एवढंच आठवत होतं. बेगम बाजारातल्या चार ओळखीच्या माणसांना असलं नाव सांगायचं कसं, म्हणून मी ते बदललं. शेवटी उदगीरला मेहुण्याला, तातेरावला, फोन लावला.

“धोंडा,” तातेराव म्हणाला. “तिच्या आधीची तीन लेकरं गेली, दाजी. म्हणून आईनं हिला धोंडा म्हटलं. धोंड्याला कोण नेतंय?”

म्हणजे आईनं तिला राखायला ठेवलेलं नाव मी हौसेनं काढून टाकलं होतं? की हा सगळा खुळेपणा? काही कळेना. नर्सला सांगितलं तर ती हसलीसुद्धा नाही.

“हमारे नाना पेंटय्या. पेंटा बोले तो कचरे का ढेर. पैदा होतेच उसपे सुलाए, नाम भी वोइच रखे. अस्सी साल जिए.”

मी बायकोच्या कानाशी वाकलो. “धोंडा,” म्हणालो. मग जरा जोरात, “धोंडे!”

तिचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते.

“आहे गं आई,” ती म्हणाली. “आहे मी.”

नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. मला रडू फुटलं. ती आईला ओ देत होती. मी कोण, हे सांगावं की नाही, सुचेना. एकदा ‘कुसुम’ म्हणून बघावंसं वाटलं, पण भीती वाटली.

“धोंडे,” मी म्हणालो, “ऊठ, बाळा.”